लेव्हिटटाउन: हप्त्याच्या हमीवर उभं राहिलेलं उपनगर

न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउनमध्ये १९४७ साली नवं कोरं घर भाड्यानं घ्यायचं तर महिन्याला ६० डॉलर मोजावे लागत. दोनच वर्षांनी, त्याच वसाहतीत, त्याहून थोडं मोठं घर विकत घेतलं तर महिन्याचा हप्ता बसायचा ५८ डॉलर. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकाला तर डाउन पेमेंटसुद्धा भरावं लागत नव्हतं. भाड्यापेक्षा हप्ता कमी, हे आज मुंबई-पुण्यात घर शोधणाऱ्याला खरं वाटणार नाही.

हे कसं जमलं, ते सांगताना लोक सहसा बिल्डरच्या हुशारीबद्दल बोलतात. हुशारी होतीच, आणि ती पुढे सविस्तर सांगण्यासारखी आहे. पण माझ्या मते या प्रकरणाचा गाभा विटा-लाकडात नाही, कर्जाच्या हमीत आहे. सरकारनं हमी दिली म्हणून घर स्वस्त झालं. ते घर कुणाला मिळेल आणि कुणाला नाही, हेही त्याच हमीच्या नियमांनी ठरवलं. आणि पुढे याच बिल्डरच्या तिसऱ्या लेव्हिटटाउनमध्ये काळ्यांना दार उघडलं, तेही ही हमी कायद्याच्या हाती आली तेव्हाच.

बटाट्याची शेतं आणि तळघराचा वाद

लाँग आयलंडवरच्या हेम्पस्टेड टाउनमध्ये आयलंड ट्रीज नावाच्या भागात बटाट्याची शेतं होती. बटाट्याच्या मुळांवर सूत्रकृमी पडल्यानं शेतकरी टेकीला आले होते आणि जमिनी विकायला तयार होते. त्या घेतल्या लेव्हिट अँड सन्स या कंपनीनं. बाप अब्राहम पेशानं वकील, थोरला मुलगा विल्यम धंदा सांभाळणारा, धाकटा आल्फ्रेड घरांचे आराखडे काढणारा. १९२९ मध्ये सुरू झालेली ही कंपनी युद्धाआधी पैसेवाल्यांसाठी मॅनहॅसेटच्या बाजूला मोठी घरं बांधत असे.

स्वस्त घर बांधायचं शिक्षण त्यांना युद्धानं दिलं. व्हर्जिनियातल्या नॉरफोकला नौदलाच्या तळावरच्या कामगारांसाठी शेकडो घरं घाईनं बांधायचं कंत्राट त्यांनी घेतलं होतं. घराचं काम छोट्या-छोट्या तुकड्यांत तोडायचं आणि प्रत्येक तुकडा एकाच टोळीकडे द्यायचा, ही पद्धत तिथे हाताला बसली.

युद्ध संपलं तेव्हा घरांची टंचाई भयंकर होती. मंदीच्या काळात बांधकाम जवळजवळ थांबलेलं, युद्धात साहित्य मिळेना, आणि आता लाखो तरुण सैन्यातून परतून लग्नं करत होते. एकेका घरात दोन-दोन कुटुंबं राहत होती. शिकागोत ट्रामचे जुने डबे घर म्हणून विकले गेले. अशा वेळी, ७ मे १९४७ रोजी, लेव्हिटनी २,००० घरं सैनिकांना भाड्यानं द्यायची घोषणा केली. दोन दिवसांत निम्मी घरं लागलीसुद्धा.

अडचण एकच होती. स्थानिक बांधकाम नियमांप्रमाणे घराखाली तळघर हवं होतं. लेव्हिटना तळघर नको होतं, कारण खोदकामात वेळ आणि पैसा जातो. त्यांना जमिनीवरच काँक्रीटची लादी ओतायची होती आणि त्या लादीतून तांब्याचे पाइप फिरवून गरम पाण्यानं घर तापवायचं होतं. सुनावणीच्या दिवशी टाउन हॉलमध्ये माजी सैनिकांची आणि त्यांच्या बायकांची एवढी गर्दी लोटली की नियम बदलल्याशिवाय अधिकाऱ्यांना गत्यंतर उरलं नाही. १ ऑक्टोबर १९४७ रोजी पहिली ३०० कुटुंबं राहायला आली.

माणूस फिरतो, घर जागेवर

मोटारीच्या कारखान्यात मोटार पट्ट्यावरून सरकते आणि कामगार जागेवर उभा असतो. इथे घर जागेवर होतं, म्हणून टोळ्या फिरत. अख्खं घर २७ टप्प्यांत तोडलेलं. एक टोळी लादी ओतून पुढे जायची, मागची टोळी भिंतींचे सांगाडे उभे करायची, तिच्या मागची कौलं ठोकायची. रंगाऱ्यांतही वाटणी होती. एक जण सगळ्या घरांना पांढरा रंग देणार, दुसरा त्याच्या मागून फक्त हिरवा किंवा लाल. एका माणसाचं काम एवढंच की वॉशिंग मशीन जमिनीला बोल्टनं आवळायचं आणि पुढच्या घरी जायचं. ट्रक ठरावीक अंतरावर थांबत आणि मोजून बांधलेला लाकूड-पाइप-विटांचा गठ्ठा उतरवून पुढे सरकत. लाकूड आधीच मापात कापून आलेलं असे, साइटवर करवतीचं काम फारसं उरत नसे. कॅलिफोर्नियातली लाकडाची गिरणी कंपनीच्या मालकीची, खिळेसुद्धा घरचे. कामगार बहुतेक युनियनबाहेरचे. त्यांना पैसे तासावर मिळत नसत, उरकलेल्या कामावर मिळत. काम ऐन भरात असताना दिवसाला ३० पेक्षा जास्त घरं तयार होत होती.

घर साधं होतं. ७५० चौरस फूट, दोन बेडरूम, एक बाथरूम, वर अर्धवट सोडलेला पोटमाळा. आकारानं आपल्याकडचा बेताचा टू बीएचके म्हणा, पण तो उभा होता साडेपाच गुंठ्यांच्या स्वतंत्र प्लॉटवर: ६० फूट रुंद, १०० फूट लांब. स्वयंपाकघरात शेगडी आणि फ्रिज आधीच बसवलेले. १९५० च्या मॉडेलमध्ये जिन्याच्या भिंतीत टीव्हीसुद्धा बसवून मिळत असे, आणि त्याचीही किंमत घराच्या कर्जातच धरलेली.

तो अर्धवट पोटमाळा मला या सगळ्या योजनेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. आज पैसे नाहीत, मूल एकच आहे. ठीक, खाली राहा. दुसरं झालं, पगार वाढला की वर दोन खोल्या काढा. लोकांनी नेमकं तेच केलं. छपराला खिडक्या काढल्या, मागे खोली वाढवली, गॅरेज जोडलं. सगळी घरं एका छापाची म्हणून टीकाकारांनी या वसाहतीला नावं ठेवली होती. पण वीस-पंचवीस वर्षांत तिथे मूळ रूपातलं घर शोधून काढणं अवघड झालं. लादीतले तांब्याचे पाइप मात्र कालांतरानं गळायला लागले आणि अनेकांना तापवण्याची व्यवस्था बदलून घ्यावी लागली.

नियम बरेच होते. कुंपण घालायचं नाही. हिरवळ आठवड्याला कापायची, नाहीतर कंपनीचा माणूस कापून जाणार आणि बिल तुम्हाला. बाहेर दोरी बांधून कपडे वाळत घालायचे नाहीत. फिरती, घडी होणारी दांडी चालेल, पण तीही शनिवार-रविवारी नाही. म्हातारे अब्राहम लेव्हिट झाडांचे वेडे. त्यांनी घराघरापुढे झाडं लावून घेतली आणि त्यांची निगा कशी राखायची हे ते लोकांना शिकवत राहिले. नऊ पोहण्याचे तलाव बांधले, दुकानांसाठी मधोमध मोकळ्या जागा ठेवल्या. १९५१ मध्ये काम संपलं तेव्हा १७,४४७ घरं उभी होती.

५८ डॉलर आले कुठून

आता हमीकडे येऊ. १९३० च्या आधी अमेरिकेत घरासाठी कर्ज काढायचं म्हणजे निम्मी रक्कम खिशातून भरायची आणि उरलेली पाच-दहा वर्षांत फेडायची, तीही बहुधा शेवटी एकरकमी. नोकरदार माणसाच्या आवाक्यातलं हे नव्हतं. महामंदीत लाखो घरं जप्त झाल्यावर १९३४ च्या कायद्यानं फेडरल हाऊसिंग ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे एफएचए, स्थापन झालं. हे खातं स्वतः कर्ज देत नसे. बँकेनं दिलेलं कर्ज बुडालं तर नुकसान आम्ही भरू, एवढा विमा ते उतरवत असे. पण तेवढ्यानं चित्र पालटलं. बँका वीस, पंचवीस, पुढे तीस वर्षांच्या मुदतीची कर्जं कमी व्याजानं द्यायला लागल्या. १९४४ च्या जीआय बिलानं, म्हणजे परतलेल्या सैनिकांना सवलती देणाऱ्या कायद्यानं, व्हेटरन्स ॲडमिनिस्ट्रेशन या माजी सैनिकांच्या सरकारी खात्याची हमी त्यात जोडली आणि सैनिकांसाठी डाउन पेमेंटची अट गळून पडली.

बिल्डरसाठी याहून मोठी गोष्ट आणखी एक होती. एफएचए वसाहतीचे नकाशे, घरांचा आराखडा, बांधकामाचा दर्जा हे सगळं आधीच तपासून मंजूर करत असे आणि इथली कर्जं आम्ही हमीत घेऊ असं आगाऊ लिहून देत असे. त्या कागदावर बँका बिल्डरला बांधकामासाठी पैसा द्यायच्या. हजारो घरं एकदम बांधायला लागणारं भांडवल लेव्हिटच्या तिजोरीत नव्हतं. ते या मंजुरीच्या जोरावर आलं. मार्च १९४९ मध्ये ७,९९० डॉलरची घरं विक्रीला निघाली तेव्हा लोक काही दिवस आधीपासून रांगेत बसले होते, आणि विक्रीच्या एका दिवसात सुमारे १,४०० करार झाले. तेव्हा अमेरिकन कुटुंबाचं मधलं वार्षिक उत्पन्न ३,१०० डॉलरच्या आसपास होतं. म्हणजे घराची किंमत वर्षाच्या कमाईच्या अडीच पट.

कलम २५

सुरुवातीच्या भाडेकरारातलं २५ वं कलम असं होतं: घरात कॉकेशियन (म्हणजे गोऱ्या) वंशाच्या व्यक्तींखेरीज कुणालाही राहू देणार नाही किंवा घर वापरू देणार नाही, हे भाडेकरूला मान्य आहे. लगेच पुढे सवलत: इतर वंशाचे नोकर ठेवायला हरकत नाही. म्हणजे काळी बाई त्या घरात भांडी घासू शकत होती, भाडं भरून राहू शकत नव्हती. तिचा नवरा युद्धात लढून आलेला असला तरी नाही.

हे कलम म्हणजे एका बिल्डरची लहर नव्हती, आणि प्रकरणातला हा भाग लोकांनी नीट समजून घ्यावा असं मला फार वाटतं. कर्जाला हमी द्यायची की नाही हे ठरवण्यासाठी एफएचएची स्वतःची नियमपुस्तिका होती. १९३८ च्या आवृत्तीत स्पष्ट म्हटलं होतं की वस्ती स्थिर राहायची तर तिथे त्याच सामाजिक आणि वांशिक वर्गाची माणसं राहत गेली पाहिजेत. आणि त्यासाठी खरेदीखतातच तशी बंधनं घालण्याची शिफारस होती. ज्या वस्तीत वंश मिसळतील तिथली मालमत्ता धोक्याची, असा तो हिशेब. सरकारी हमीशिवाय ५८ डॉलरचा हप्ता शक्य नव्हता, आणि हमी हवी तर वस्ती गोरी ठेवणं सोयीचं होतं.

मे १९४८ मध्ये शेली विरुद्ध क्रेमर खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की अशा वांशिक अटी न्यायालयांना अमलात आणता येणार नाहीत. लेव्हिटनी १९४९ मध्ये कलम काढून टाकलं. एफएचएनं सावकाशीनं, फेब्रुवारी १९५० नंतर नोंदलेल्या अशा अटी असतील तर हमी देणार नाही असं जाहीर केलं. व्यवहार मात्र बदलला नाही. अट कागदावरून गेली आणि विक्री कार्यालयातल्या माणसाच्या तोंडी आली. ‘कमिटी टू एंड डिस्क्रिमिनेशन इन लेव्हिटटाउन’ या नावानं काही रहिवाशांनीच विरोध उभारला. काळ्या मुलांना आपल्या मुलांबरोबर खेळायला घरी बोलावलं म्हणून दोन गोऱ्या कुटुंबांचे भाडेकरार कंपनीनं पुढे चालू ठेवायला नकार दिला. एका काळ्या कुटुंबानं पोटभाड्यानं घर मिळवलं होतं, त्यांना १९५३ अखेर बाहेर काढलं गेलं.

विल्यम लेव्हिट स्वतः ज्यू. ज्यूंना घरं नाकारणाऱ्या वस्त्या लाँग आयलंडवर होत्या, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. १९५४ मध्ये त्यांनी आपली बाजू मांडली ती अशी: माझ्या मनात वंशद्वेषाला जागा नाही, पण एका काळ्या कुटुंबाला घर विकलं तर नव्वद-पंच्याण्णव टक्के गोरी गिऱ्हाइकं येणार नाहीत; आम्ही घरांचा प्रश्न सोडवू शकतो किंवा वंशाचा प्रश्न सोडवायचा प्रयत्न करू शकतो, दोन्ही एकत्र करू शकत नाही. हे उत्तर मला पटत नाही. त्या काळात घरासाठी रांगेत उभ्या असलेल्या माणसाला दुसरीकडे कुठे जाता येत होतं? लेव्हिटइतकं स्वस्त घर कुणीच देत नव्हतं. नकार द्यायची चैन गिऱ्हाइकांना परवडणारी नव्हती. ती अट टाकून बघण्याची ताकद देशात कुणाकडे असेल तर ती लेव्हिट आणि एफएचए या दोघांकडेच होती.

पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सी

याच कंपनीनं पुढे आणखी दोन लेव्हिटटाउन बांधली, आणि त्यामुळे हे प्रकरण तपासून बघायला दुर्मीळ सोय झाली: बिल्डर तोच, पद्धत तीच, हमीची व्यवस्था तीच, फक्त राज्याचा कायदा वेगळा.

दुसरं पेनसिल्व्हेनियातल्या बक्स काउंटीत, १९५२ पासून. जवळच यू. एस. स्टीलचा नवा कारखाना उभा राहिला होता. इथल्या घरांसाठी काळ्या माजी सैनिकांनी कंपनी, एफएचए आणि व्हेटरन्स ॲडमिनिस्ट्रेशन अशा तिघांवर दावा लावला. १९५५ मध्ये संघराज्याच्या न्यायालयानं तो फेटाळला. भेदभाव थांबवण्याचं काम कायद्यानं या खात्यांवर सोपवलेलंच नाही, असं न्यायालयाचं म्हणणं.

मग ऑगस्ट १९५७ मध्ये विल्यम आणि डेझी मायर्स हे काळं जोडपं तीन मुलांसह इथे राहायला आलं. त्यांनी घर कंपनीकडून घेतलं नव्हतं, आधीच्या मालकाकडून घेतलं होतं. पहिल्याच संध्याकाळी घराबाहेर जमाव जमला. दगडानं पुढची मोठी काच फुटली. जमाव रोज रात्री येत राहिला. दगड लागून एक पोलीस बेशुद्ध पडला. स्थानिक पोलिसांच्यानं आवरेना म्हणून गव्हर्नर जॉर्ज लीडर यांनी राज्य पोलीस पाठवले. मायर्स कुटुंबाच्या मागच्या रिकाम्या घरात विरोधकांनी अड्डा केला, तिथे दक्षिणेच्या फुटीर राज्यांचा झेंडा लावला, रात्री-अपरात्री मोठ्यानं गाणी वाजवली. शेजारचं वेक्स्लर हे ज्यू कुटुंब मायर्सच्या पाठीशी उभं राहिलं, तर त्यांच्या भिंतीवरही केकेके (कू क्लक्स क्लॅन या वंशद्वेषी संघटनेची) ही अक्षरं रंगवली गेली. शेवटी राज्याच्या ॲटर्नी जनरलनी न्यायालयातून मनाई हुकूम आणला तेव्हा छळ थांबला. मायर्स कुटुंब १९६१ पर्यंत तिथे राहिलं.

तिसरं न्यू जर्सीतल्या विलिंगबरोमध्ये, १९५८ मध्ये. इथेही फक्त गोऱ्यांना घरं विकणार, असं लेव्हिटनी जाहीर केलं. पण न्यू जर्सीनं आधीच कायदा केला होता: ज्या घरांच्या कर्जाला सरकारी हमी आहे, त्यांच्या विक्रीत वंशावरून भेद करता येणार नाही. घर नाकारलेल्या दोघांनी तक्रार केली, कंपनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली आणि १९६० मध्ये हरली. लेव्हिटना एकच मार्ग होता, एफएचएची हमी सोडायची. ती सोडली तर धंदाच बसणार. त्यांनी घरं सर्वांना विकायला सुरुवात केली. पेनसिल्व्हेनियात जी हमी भेदभावाला आड येत नाही असं न्यायालयानं म्हटलं होतं, त्याच हमीला न्यू जर्सीनं अट जोडली. आकाशही कोसळलं नाही. दहा वर्षांत विलिंगबरोतली गोरी वस्ती कित्येक पटींनी वाढली आणि गोरेतर रहिवासी ६० वरून ५,००० च्या वर गेले, एकूण लोकसंख्येच्या ११.७ टक्के.

पुढे सत्तरच्या दशकात तिथल्या गोऱ्यांत घरं विकून जायची घबराट पसरली. ती रोखायला विलिंगबरोनं ‘घर विकणे आहे’ अशा पाट्यांवर बंदी घातली. वस्ती मिश्र राहावी हा हेतू चांगला होता, पण १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर बंदी रद्द केली. निकाल लिहिला थर्गुड मार्शल यांनी. १९४८ च्या शेली खटल्याबरोबर चाललेल्या डेट्रॉइटच्या खटल्यात काळ्या कुटुंबाची बाजू मांडणारे वकील तेच होते. आज विलिंगबरोत काळ्या रहिवाशांचं बहुमत आहे.

पहिल्या लेव्हिटटाउनचं पुढे

१९६० च्या जनगणनेत न्यूयॉर्कच्या लेव्हिटटाउनमध्ये ६५,२७६ माणसं होती. त्यात काळे ५७. नोव्हेंबर १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींनी सरकारी हमीच्या घरांत भेदभावाला मनाई करणारा आदेश काढला, पण तो पुढच्या बांधकामांना लागू होता. लेव्हिटटाउन तर अकरा वर्षांपूर्वीच बांधून झालं होतं. एप्रिल १९६८ मध्ये फेअर हाऊसिंग कायदा आला. १९९० ची जनगणना त्यानंतर बावीस वर्षांनी झाली: ५३,२८६ रहिवासी, काळे १३७.

वस्तीला दुसराही एक त्रास भोगावा लागला. नुसती घरंच घरं, कारखाने किंवा मोठी कार्यालयं नाहीत. म्हणजे शाळांचा सगळा खर्च घरपट्टीवर. मुलं मात्र खंडीभर. लेव्हिटटाउनच्या शाळा मंडळानं न्यूयॉर्क राज्यावर दावा लावला की शाळांना पैसा वाटायची ही पद्धत अन्यायाची आहे. खालच्या न्यायालयात ते जिंकले, १९८२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयात हरले.

लेव्हिटटाउनला लागूनच उत्तरेला हिक्सव्हिल आहे. तिथली भारतीय किराण्याची, मिठाईची, साड्यांची दुकानं लाँग आयलंडवरच्या मराठी माणसाच्या ओळखीची असतात, आणि आता या भागात घर घेणाऱ्यांत भारतीयही आहेत. १९४७ मध्ये त्यांच्यासारख्या कुणी अर्ज केला असता तर? १९२३ मध्येच भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं भारतीय माणूस नागरिकत्वाच्या कायद्यापुरता गोरा धरता येणार नाही असं ठरवलं होतं. कंपनीच्या कार्यालयातून त्यालाही परतच पाठवलं असतं.

७,९९० डॉलरचं ते घर, वर खोल्या काढलेलं, मागे वाढवलेलं, आज सहा लाख डॉलरच्या पुढे जातं. अमेरिकन कुटुंबाचं मधलं वार्षिक उत्पन्न एक लाख डॉलरच्या आसपास आहे. म्हणजे किंमत आता कमाईच्या सहा पटींच्या घरात. ज्या सैनिकानं १९४९ मध्ये शून्य डाउन पेमेंटवर ते घेतलं, त्याची ही वाढ झाली. त्यावर त्यानं मुलांच्या कॉलेजसाठी कर्ज उचललं, म्हातारपणी घर विकून त्यांच्या घरांचं डाउन पेमेंट भरलं. त्याच युद्धातून परतलेल्या काळ्या सैनिकाच्या मुलांना १९६८ नंतर तेच घर घेण्याचा कायदेशीर हक्क मिळाला, चालू बाजारभावानं.